खारट जमिनीतील भाज्या आणि जिगरचे रक्षण
मीठ सोसणाऱ्या खाद्य वनस्पतींचा औषधी गुण, धंद्याची संधी आणि त्यातील धोके

भरतीचे पाणी ज्या जमिनीवर चढते, ती जमीन शेतकऱ्याच्या हिशेबी मेलेली समजली जाते. भात तेथे करपतो, आंबा-काजू तर दूरच. परंतु निसर्गाने अशा जमिनीसाठीही काही झाडे राखून ठेवली आहेत. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. एवढ्या खाऱ्या पाण्यावर वाढून हिरवीगार राहणाऱ्या वनस्पतींना शास्त्रज्ञ लवणप्रिय वनस्पती म्हणतात. त्यांपैकी काही माणसाच्या ताटात शेकडो वर्षांपासून आहेत. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या भाज्यांतील रासायनिक द्रव्ये यकृताचे, म्हणजे आपण ज्याला जिगर म्हणतो त्याचे रक्षण करू शकतात काय, याची तपासणी अनेक देशांत झाली. त्याबरोबर बाजारात त्यांच्या पावडरी, मीठ आणि 'लिव्हर टॉनिक'ही येऊ लागले.

आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांचा या विषयाशी दुहेरी संबंध आहे. एक तर यकृताचे विकार आपल्याच दुकानांत आणि कारखान्यांत वाढत आहेत. दुसरे असे की, नवा माल विकण्यापूर्वी त्यात खरे किती आणि जाहिरात किती, हे ओळखणे हा व्यापाराचा पहिला नियम आहे.

'अल्कली' हा शब्द कोठून आला?

या झाडांचा व्यापार नवा नाही. रसायनशास्त्रातील 'अल्कली' हा शब्द अरबी 'अल-क़ली' वरून आला. समुद्रकाठची आणि वाळवंटातील खारट झाडे जाळून जी राख मिळे, तिला अरब कारागीर क़ली म्हणत. ही राख म्हणजे सोडा. तेलात ती शिजवली की साबण होई आणि वाळूत मिसळून भट्टीत तापवली की काच. पॅलेस्टाइनमधील नाब्लुसचा ऑलिव्ह तेलाचा साबण पिढ्यान्‌पिढ्या अशाच राखेवर तयार होत असे. व्हेनिसचे काचकारागीर सीरिया आणि इजिप्तमधून ही राख मागवीत. पोटॅशियम या धातूची खूण 'के' अशी लिहितात, तीही 'कॅलियम'मधून, म्हणजे याच अरबी शब्दातून आलेली आहे. फ्रान्समध्ये १७९१ साली साध्या मिठापासून सोडा करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले गेले आणि पुढे हा राखेचा व्यापार हळूहळू संपला.

आपल्याकडेही सज्जीखार हा असाच पदार्थ. राजस्थान, पंजाब आणि सिंधच्या खारट पट्ट्यातील 'लाणा' जातीची झुडपे जाळून तो करीत. धोबी, रंगारी आणि साबण करणारे तो वापरीत, आणि पापड करणाऱ्या बायकांना तो पापडखाराच्या रूपाने ठाऊक आहे. म्हणजे साबण, काच, रंग आणि पापड या चारही धंद्यांनी या झाडांची राख वापरली. आज शास्त्रज्ञ राखेकडे नव्हे, तर हिरव्या पानाकडे वळले आहेत.

कोणत्या वनस्पती खातात?

१) सॅलिकॉर्निया. या झाडाला पाने जवळजवळ दिसतच नाहीत. बोटाएवढ्या, सांधे-सांधे असलेल्या, रसाळ हिरव्या कांड्या असतात आणि जून झाल्यावर त्या लालसर होतात. सौराष्ट्राचा किनारा, तामिळनाडूची खाजणे आणि मिठागरांच्या कडा येथे ती उगवते. तामिळ भाषेत तिला उमरी म्हणतात. इंग्लंड आणि फ्रान्समध्ये तिचे कोवळे शेंडे वाफवून माशाबरोबर खातात. कोरियात तिला हामचो म्हणतात. तेथे ती भाजी म्हणूनही खातात आणि पोटाच्या तक्रारींवर लोकऔषध म्हणूनही वापरतात.

२) मोरस. कोकण आणि गुजरातच्या किनाऱ्यावरील लोकांना ही भाजी सांगायला नको. बारीक, मांसल, सुईसारखी पाने, चवीला खारट. जाणत्या बायका ती आधी उकळून पाणी टाकून देतात, मग डाळीत किंवा सुक्या माशाबरोबर शिजवतात आणि मीठ वरून घालीत नाहीत. यातील प्रत्येक गोष्टीमागे शास्त्र आहे, ते पुढे येईल.

३) सेसुव्हियम, म्हणजे समुद्रकाठची घोळ. वाळूवर पसरणारी, जाड पानांची वेल. पुणे विद्यापीठ आणि भाभा अणुसंशोधन केंद्र येथील शास्त्रज्ञांनी हिच्यावर बरेच काम केले आहे. खारट जमिनीतील मीठ ओढून घेण्याचा तिचा गुण आहे, म्हणून जमीन सुधारण्यासाठीही तिचा विचार होतो.

४) घोळ. ही आपल्या मंडईतील नेहमीची भाजी. समुद्राच्या पाण्यावर ती जगत नाही, पण बऱ्यापैकी खारट जमीन सोसते. युनानी हकीम तिला खुर्फा किंवा कुल्फा म्हणून ओळखतात आणि तिच्या बिया, तुख्मे खुर्फा, थंड गुणाच्या म्हणून देतात. हिरव्या भाज्यांत ओमेगा-३ जातीचे तेल सर्वांत जास्त असलेल्या भाज्यांत घोळीची गणना होते.

५) पालक, बीट आणि चाकवत ही मंडळीही सॅलिकॉर्निया आणि मोरस यांच्याच कुळातील. बीटाचा मूळ पूर्वज समुद्रकाठी वाढणारे जंगली बीट होय. म्हणून बीट आणि पालक इतर भाज्यांपेक्षा खारे पाणी अधिक सोसतात.

मिसवाकचे झाड, म्हणजे पीलू, हेसुद्धा मीठ सोसणारे आहे. त्याची फळे खातात आणि बियांचे 'खाकण' तेल साबणाच्या धंद्यात जाते. परंतु यकृताच्या विषयाशी त्याचा थेट संबंध नसल्याने ते येथे सोडून देऊ.

झाडाला हे गुण कशामुळे येतात?

तेल विकणाऱ्याला हे लवकर समजेल. डबा उघडा राहिला की तेल खवट होते. हवेतील प्राणवायू तेलातील चरबीच्या कणांवर हल्ला करतो, एक कण बिघडला की तो शेजारचा बिघडवतो आणि साखळी सुरू होते. ही साखळी तोडणाऱ्या द्रव्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. तेलाचे कारखाने तीच द्रव्ये तेलात टाकतात. कापलेले सफरचंद काळे पडू नये म्हणून लिंबू चोळतात, तेही याच कारणाने.

शरीरातही असेच घडते. श्वास, पचन, औषध, धूर या सर्वांतून 'मुक्त मूलक' नावाचे अस्थिर कण तयार होतात. ते पेशीच्या चरबीच्या आवरणाला लागले की पेशी खवट होऊ लागते. हा शब्द येथे केवळ उपमा म्हणून वापरलेला नाही. खवट तेलात सापडणारे मॅलोन-डाय-आल्डिहाइड हे द्रव्य प्रयोगशाळेत यकृताच्या तुकड्यातही मोजतात आणि त्यावरून नुकसान किती झाले ते ठरवतात.

आता झाडाकडे पाहा. कडक ऊन आणि मुळाशी मीठ अशा अवस्थेत झाडाच्या पानांतही हे हानिकारक कण मोठ्या प्रमाणावर तयार होतात. साधे झाड त्यात मरते. खारट जमिनीतील झाड मात्र तीन उपाय करते. मीठ पेशीच्या आतील एका पिशवीत कोंडून ठेवते, म्हणून त्याची पाने जाड आणि रसाळ असतात. पाणी धरून ठेवण्यासाठी बीटेन आणि प्रोलिनसारखी द्रव्ये साठवते. आणि तिसरे म्हणजे फिनॉल, फ्लेव्होनॉइड, कॅरोटिन, 'क' आणि 'ई' जीवनसत्त्वे अशी अँटिऑक्सिडंट द्रव्ये भरपूर बनवते. झाडाने स्वतःच्या बचावासाठी केलेली ही तरतूद खाणाऱ्याच्या उपयोगी पडेल काय, हा शास्त्रज्ञांचा प्रश्न आहे.

यकृताचाच विचार का?

यकृत हे शरीराचे जकात नाके आहे. दर मिनिटाला सुमारे सव्वा ते दीड लिटर रक्त त्यातून जाते. आतड्यांतून शोषलेले अन्न, औषध आणि विष यांपैकी बहुतेक आधी तेथे पोचते. विष मोडताना यकृतातच हे हानिकारक कण सर्वांत जास्त निर्माण होतात. त्यांना आवरण्यासाठी यकृताकडे ग्लुटाथायोन नावाचा स्वतःचा साठा असतो. तो साठा संपला की पेशी फुटतात आणि त्यांतील एन्झाइम रक्तात उतरतात. डॉक्टर रक्त तपासून 'एसजीपीटी वाढले' म्हणतात, ते हेच.

कारागिरांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. यकृतावरील औषधांची परीक्षा करण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळांत उंदरांना कार्बन टेट्राक्लोराइड हे द्रव्य देतात, कारण ते यकृत हमखास बिघडवते. हेच द्रव्य पूर्वी ड्रायक्लीनिंगमध्ये आणि अग्निशामक नळकांड्यांत वापरात होते. आपल्या देशात तयार कपड्यांवरील डाग काढण्यासाठी आणि धातूचे सुटे भाग धुण्यासाठी ते सर्रास वापरले जाई. ओझोन थराला ते घातक असल्याने आंतरराष्ट्रीय करारानुसार १ जानेवारी २०१० पासून भारतात हा वापर बंद झाला. म्हणजे जे विष प्रयोगशाळेत उंदराला मोजून देतात, ते आपले कामगार वर्षानुवर्षे मोजमापाशिवाय हुंगत होते. आजही धातूवरील तेल काढण्यासाठी वापरतात ते ट्रायक्लोरोइथिलीन आणि रेक्झिनच्या कारखान्यांतील डायमिथाइल फॉर्मामाइड ही द्रव्ये यकृताला अपाय करणारी म्हणून सिद्ध झालेली आहेत. त्यांतील दुसरे तर कातडीतूनही आत जाते.

प्रयोगांत काय आढळले?

कोरियातील शास्त्रज्ञांनी २००५ साली हामचोमधून एक नवे अँटिऑक्सिडंट द्रव्य वेगळे केले आणि झाडाच्या कोरियन नावावरून त्याला तुंगतुंगमाडिक आम्ल असे नाव दिले. कॉफीत जे क्लोरोजेनिक आम्ल असते, त्याच्या जातीचे हे द्रव्य आहे. पुढील प्रयोगांत ते दिलेल्या उंदरांच्या यकृताचे कार्बन टेट्राक्लोराइडने होणारे नुकसान कमी झाले. भारतासह इतर देशांत सॅलिकॉर्निया, मोरसच्या जाती आणि घोळ यांच्या अर्कांवरही असे प्रयोग झाले. सर्वसाधारण निष्कर्ष असा की अर्क दिलेल्या जनावरांत एसजीपीटी कमी वाढते, ग्लुटाथायोनचा साठा टिकतो आणि चरबी कमी खवट होते.

परंतु येथेच थांबून हिशेब नीट केला पाहिजे. हे प्रयोग काचेच्या नळीत, पेशींवर किंवा उंदरांवर झालेले आहेत. उंदराला आधी किंवा सोबत अर्क देतात आणि मग विष देतात. माणूस मात्र यकृत बिघडल्यावर औषध शोधतो. शिवाय वजनाच्या मानाने उंदराला दिलेली मात्रा ताटातील भाजीपेक्षा बरीच जास्त असते, आणि अर्क म्हणजे भाजी नव्हे.

माणसांवरील पुरावा कितपत आहे, तेही पाहू. इराणमध्ये फॅटी लिव्हरच्या रुग्णांना घोळीच्या बिया देऊन लहान चाचण्या झाल्या. रक्तातील साखर आणि चरबी यांत काहीसा फायदा दिसला, परंतु त्यावरून यकृताचा रोग बरा होतो असे म्हणता येत नाही. बीटेन हे द्रव्य या सर्व झाडांत असते. अमेरिकेत रुग्णांना ते वर्षभर दिले आणि निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. यकृतातील चरबी उतरली नाही, मात्र आजार आणखी वाढण्याला काहीसा आळा बसला असावा, असे आढळले. 'ई' जीवनसत्त्व हे शुद्ध अँटिऑक्सिडंट. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकन चाचणीत मधुमेह नसलेल्या रुग्णांना ते ९६ आठवडे मोठ्या मात्रेत दिले. त्यांतील ४३ टक्के रुग्णांचे यकृत सुधारले, तर नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत १९ टक्के. म्हणजे अँटिऑक्सिडंटचा विचार निराधार नाही. पण तेथेही निम्म्याहून अधिक रुग्णांना फायदा झाला नाही, आणि ती मात्रा डॉक्टरच्या देखरेखीची होती.

निष्कर्ष सरळ आहे. या भाज्या चांगले अन्न आहेत. कावीळ, सिरोसिस किंवा फॅटी लिव्हरचा इलाज म्हणून त्या सिद्ध झालेल्या नाहीत.

ज्याचे जिगर बिघडले, त्यानेच जपावे

सर्वांत महत्त्वाची सूचना ही आहे. सॅलिकॉर्निया वाळवले की त्याच्या वजनात तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक मीठच असू शकते. दहा ग्रॅम पावडर घेतली तर तीन ग्रॅमहून अधिक मीठ पोटात गेले असे समजावे. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात सर्व मिळून पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असे सांगते. यकृत बरेच बिघडून ज्याच्या पोटात पाणी झाले आहे, म्हणजे जलोदर झाला आहे, त्याला तर डॉक्टर मीठ तोडायला लावतात. अशा रुग्णाला 'जिगरचे टॉनिक' म्हणून खारट झाडाची पावडर देणे म्हणजे दुखणे वाढवणे होय. रक्तदाब आणि हृदयविकाराच्या रुग्णांनाही हेच लागू आहे. मूत्रपिंडाच्या रुग्णांना यातील पोटॅशियमही बाधते.

दुसरी गोष्ट ऑक्झॅलेटची. मोरस, सेसुव्हियम, घोळ आणि पालक यांत ते असते आणि मुतखड्याला मदत करते. उकळून पाणी टाकून देण्याची कोकणातील रीत येथेच उपयोगी पडते. त्यात मीठही कमी होते आणि ऑक्झॅलेटही. काही जीवनसत्त्वे त्या पाण्यात जातात हे खरे, पण हा सौदा फायद्याचाच आहे.

तिसरी गोष्ट जागेची. ही झाडे मातीतील मीठ ओढतात तसे शिसे आणि कॅडमियमही ओढू शकतात. ज्या खाडीत कारखान्याचे किंवा शहराचे सांडपाणी येते, तेथील मोरस फुकट मिळाली तरी खाऊ नये. शिवाय महाराष्ट्रात कांदळवनाला कायद्याचे संरक्षण आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली कांदळवन तोडण्यावर राज्यभर बंदी घातली. भाजी खुडण्याच्या निमित्ताने तेथे कोयता चालवणे महागात पडेल.

धंद्याची बाजू

देशात सुमारे ६७ लाख हेक्टर जमीन क्षारांनी बाधित असल्याचा अंदाज कर्नाल येथील केंद्रीय मृद लवणता संशोधन संस्थेने दिला आहे. त्यात गुजरातचा वाटा सर्वांत मोठा. महाराष्ट्रात कोकणातील खारभूमी आहे आणि उसाच्या पट्ट्यात जास्त पाण्याने फुगलेली जमीनही आहे. या जमिनीतून काही उत्पन्न निघाले तर ते नफ्याचेच.

भावनगर येथे १९५४ पासून केंद्र सरकारची मीठ आणि सागरी रसायन संशोधन संस्था आहे. तिने सॅलिकॉर्नियापासून वनस्पतिजन्य मीठ काढण्याची पद्धत तयार केली आणि तिचे पेटंट घेतले. या मिठात साध्या मिठाशिवाय पोटॅशियम आणि इतर खनिजेही असतात. तामिळनाडूतील वेदारण्यम येथे लवणप्रिय वनस्पतींची एक खास बागही उभारली आहे. आखाताकडे पाहिले तर दुबईत १९९९ साली इस्लामी विकास बँकेच्या सहकार्याने खाऱ्या शेतीचे आंतरराष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. तेथे सॅलिकॉर्निया आणि किनोआ यांच्या लागवडीचे प्रयोग चालतात. सॅलिकॉर्नियाच्या एका अमेरिकन जातीच्या बियांत २६ ते ३३ टक्के तेल निघते, ते करडईच्या तेलाशी मिळतेजुळते असते. जानेवारी २०१९ मध्ये अबुधाबीहून ॲमस्टरडॅमला गेलेल्या एका विमानाच्या इंधनात हे तेल मिसळले होते.

धंदा म्हणून पाहता चार प्रकारचा माल संभवतो : ताजे कोवळे शेंडे, लोणचे, वनस्पतिजन्य मीठ आणि वाळवलेली पावडर. ताजा माल नाजूक असतो, त्याला शीतपेटी आणि जवळचे हॉटेल हवे. मासळीचे पदार्थ देणारी मोठी हॉटेले हे त्याचे पहिले गिऱ्हाईक. लोणचे टिकते, पण त्यात मीठ वेगळे घालताना झाडातील मिठाचा हिशेब धरावा लागतो. वनस्पतिजन्य मिठाचे खरे गिऱ्हाईक तब्येतीची काळजी करणारा माणूस असतो, म्हणून त्यातील सोडियम आणि पोटॅशियमचे आकडे वेष्टनावर खरे असले पाहिजेत. पावडरीचा धंदा वरून सर्वांत सोपा दिसतो. भेसळही तेथेच सोपी असते आणि खोटे दावेही तेथेच होतात.

म्हणून माल घेण्यापूर्वी आणि विकण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात :

१) माल कोठला? खाडीतून खुडलेला की लागवडीचा, हे पुरवठादाराकडून लेखी घ्यावे.

२) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून प्रत्येक खेपेतील सोडियम, शिसे, कॅडमियम, आर्सेनिक आणि जंतू यांची तपासणी करून घ्यावी.

३) अन्न परवाना असल्याशिवाय विक्री करू नये. देशात खाण्याचा पूर्वापार परिपाठ नसलेला पदार्थ असेल तर २०१७ च्या नियमांनुसार अन्न सुरक्षा प्राधिकरणाची वेगळी मंजुरी लागू शकते. मोरस किंवा घोळीच्या ताज्या भाजीचा प्रश्न वेगळा आणि परदेशी जातीच्या अर्काचा वेगळा. आधी विचारून घेणे स्वस्त पडते.

४) खाद्यपदार्थावर 'कावीळ बरी करतो', 'फॅटी लिव्हर घालवतो' असे छापणे २०१८ च्या जाहिरात नियमांत बसत नाही. फसव्या जाहिरातीला २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे. औषध म्हणून विकायचे तर युनानी किंवा आयुर्वेदिक औषधाचा परवाना ही स्वतंत्र वाट आहे.

५) वेष्टनावर 'रक्तदाब, मूत्रपिंड आणि जलोदराच्या रुग्णांनी डॉक्टरला विचारून घ्यावे' असे ठळक छापावे. यामुळे चार पुड्या कमी खपतील, परंतु एखाद्या गिऱ्हाइकाचा जीव वाचेल आणि दुकानाचा विश्वास वाढेल. मालातील दोष गिऱ्हाइकाला सांगूनच विकावा, हा आपल्या तिजारतीचा जुना दंडक आहे. मिठाचे प्रमाण हा या मालाचा दोष होय आणि तो लपवणे कोणत्याही हिशेबाने बसत नाही.

मग जिगर कसे जपावे?

आपल्यातील पुष्कळांचा समज असा की, आपण दारूला शिवत नाही, तेव्हा आपले जिगर सुरक्षित आहे. हा समज घातक आहे. आज देशात झपाट्याने वाढणारा यकृतविकार दारूचा नाही, चरबीचा आहे. दिवसभर गल्ल्यावर बैठक, दर तासाला साखरेचा चहा, रात्री उशिरा तळलेले आणि मैद्याचे जेवण, वाढलेले पोट आणि मधुमेह ही त्याची कारणे. केंद्र सरकारने २०२१ साली फॅटी लिव्हरचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला, यावरून त्याचे गांभीर्य लक्षात यावे. यावर आजतागायत सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे वजन उतरवणे. शरीराच्या वजनाचा सात ते दहा टक्के भाग उतरला की यकृताची सूजही उतरू लागते. ऐंशी किलोच्या माणसाला म्हणजे सहा ते आठ किलो. कोणत्याही पावडरीची आजवर एवढी ख्याती नाही.

कारागिरांनी रसायनाचे काम खिडकी-पंखा असलेल्या जागी करावे, हात रॉकेल-थिनरने धुऊ नयेत, डबे झाकून ठेवावेत, आणि त्याच खोलीत जेवू-झोपू नये. मालकांनी हातमोजे आणि योग्य मुखवटे द्यावेत. कापडी रुमाल बांधल्याने वाफ अडत नाही. धान्य-किराणा व्यापाऱ्यांनी बुरशी आलेले शेंगदाणे, मका आणि मिरची निवडून फेकून द्यावी. त्या बुरशीतील अफ्लाटॉक्सिन हे यकृताच्या कर्करोगाचे सिद्ध कारण आहे. केशकर्तनालयात प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे पाते वापरावे, कारण कावीळ 'बी' रक्तातून पसरते. तिची लस उपलब्ध आहे. कावीळ 'बी' आणि 'सी' यांची तपासणी व उपचार २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात. 'सी' प्रकारची कावीळ आता गोळ्यांनी बहुतेक रुग्णांत पूर्ण बरी होते. अशा वेळी झाडपाल्यावर महिने घालवणे म्हणजे हातची संधी घालवणे होय.

या सर्वांच्या जोडीला हिरवी भाजी जरूर खावी. घोळ मंडईत स्वस्त मिळते. मोरस स्वच्छ जागेची मिळाली तर उकळून, पाणी टाकून, वरून मीठ न घालता खावी. आठवड्यातून दोन-तीन वेळा अशी भाजी, सोबत कमी तेल आणि कमी साखर, यात नुकसान कोणाचे नाही. ज्यांना रक्तदाब, मुतखडा किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी आधी डॉक्टरला विचारावे. चाळिशीनंतर वर्षातून एकदा साखर, चरबी आणि एसजीपीटी तपासून घ्यावे. दुकानाचा हिशेब आपण दरवर्षी तपासतोच, त्याच दिवसांत आपल्या रक्ताचाही तपासून घ्यावा.